विसराळू लोखंड आणि हट्टी चुंबक

आमच्या गिरगावातल्या चाळीत बोहारीण आली की आई जुन्या कपड्यांचं गाठोडं काढायच्या आधी कपाटातून चुंबक काढायची. बंद पडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधून वडिलांनी सोडवलेली ती काळपट, जड चकती होती. मधे भोक आणि भोकात ओवलेली परकराची नाडी. दोन साड्या, एक पँट आणि वर एक चादर यांच्या बदल्यात बोहारीण पातेलं पुढे करायची. आई नाडीला धरून चकती त्याच्याजवळ न्यायची. चकती नुसती लोंबकळत राहिली तर सौदा पुढे सरकायचा. खट्‌कन चिकटली की पातेलं परत. "हे हलकं आहे, दुसरं दाखव." बोहारीण कुरकुरत टोपलीत हात घालायची.

चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, हा चाळीतला कायदाच होता. मला कोडं पडलं ते नववीत, स्टील म्हणजे मुख्यतः लोखंडच असतं हे कळल्यावर. भांड्यांच्या चांगल्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल आणि उरलेलं जवळजवळ सगळं लोखंड असतं. बरं, निकेलही चुंबकाला चिकटतं. म्हणजे पातेल्याचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग चिकटणाऱ्या धातूंचा, आणि पातेलं मात्र ढिम्म. मग ते चिकटणं गेलं कुठे?

चुंबकी पदार्थांवरचं निम्मं संशोधन या एका प्रश्नाभोवती फिरतं असं म्हटलं तरी चालेल. अणूच्या अंगात चुंबकत्व असणं वेगळं आणि ते वस्तूत उतरणं वेगळं. वस्तूत उतरेल की नाही हे अणू एकमेकांशेजारी कसे बसलेत त्यावर ठरतं. निकेलमुळे स्टीलमधल्या लोखंडाच्या अणूंची बैठक बदलते, शेजारी बदलतात, आणि नेहमीच्या तापमानाला त्यांची एकी होत नाही.

हे घरी बघता येतं. जुन्या इअरफोनमधला किंवा मोडलेल्या हार्ड डिस्कमधला छोटा, जोरदार चुंबक दोऱ्याला बांधा आणि स्टीलच्या वाटीच्या तळाजवळ न्या. काही होत नाही. आता काठाजवळ न्या, जिथे पत्रा वळवलेला असतो. पुष्कळ वाट्यांमध्ये दोरा किंचित तिरका होतो. धातू तोच, टक्केवारी तीच. पण साच्यात दाबताना काठाजवळच्या पत्र्याला सगळ्यात जास्त ताण सोसावा लागला, तिथल्या अणूंच्या ओळी सरकल्या आणि काही जागी त्यांची बैठक साध्या लोखंडासारखी झाली. तेवढ्यापुरतं लोखंडाला आपलं लोखंडपण परत आठवलं.

(आईच्या परीक्षेत एक भोक होतं, तेही सांगून टाकतो. निकेल महाग म्हणून ते कमी करून मँगनीज वाढवलेलं स्वस्त स्टीलही निघतं. त्यालाही चुंबक चिकटत नाही, पण डाग लवकर पडतात. तेव्हा आईने पास केलेल्यांपैकी काही पातेली हलकीच असणार.)

आता एकी म्हणजे काय ते बघू. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक सूक्ष्म चुंबक असतो. त्याच्या या गुणाला स्पिन म्हणतात. नाव गिरकीचं असलं तरी इलेक्ट्रॉन काही भोवऱ्यासारखा गरगरत नसतो. हा त्याच्या अंगचा गुण आहे, त्याच्या विद्युतभारासारखाच. सोयीसाठी इलेक्ट्रॉनच्या पाठीवर एक बाण आहे असं समजा. बहुतेक अणूंमध्ये हे बाण जोडीने उलटसुलट बसतात आणि हिशोब शून्य होतो. लोखंड, कोबाल्ट, निकेल आणि गॅडोलिनियमसारखे काही दुर्मिळ मृदा धातू यांच्यात काही बाण बिनजोडीचे उरतात.

पण उरलेले बाण एका दिशेने वळतात ते का? पहिल्यांदा वाटतं की छोटे चुंबक एकमेकांना ओढत असतील. हिशोब केला तर ही ओढ इतकी क्षीण निघते की उणे २७० अंशांच्या आसपासच ती टिकेल, त्याहून गरम झालं की उष्णतेच्या धक्काबुक्कीत उधळून जाईल. लोखंड तर ७७० अंशांपर्यंत चुंबकी राहतं. खरं कारण १९२८ मध्ये वेर्नर हायझेनबर्ग यांनी मांडलं. शेजारच्या दोन इलेक्ट्रॉनांचे बाण एका दिशेला असले तर क्वांटमच्या नियमाने ते एकमेकांपासून जरा दूर राहतात, आणि दूर राहिले की त्यांच्यातलं विद्युत ढकलणं कमी होतं. म्हणजे चुंबकाला चुंबक करणारं बळ मुळात विजेचं आहे! मला स्वतःला ही गोष्ट पचायला बरेच दिवस लागले होते.

गणपतीच्या मिरवणुकीतलं लेझीम पथक आठवा. दोनशे पोरं एका तालात वाकतात तेव्हा प्रत्येकाची नजर पुढच्या म्होरक्यावर नसते. डावी-उजवीकडच्याकडे बघून हात चालतात. लोखंडातली एकी अशी शेजाऱ्यापासून शेजाऱ्यापर्यंत पसरते. गर्दी वाढली, धक्के बसायला लागले की ताल मोडतो. पदार्थाचा ताल ज्या तापमानाला मोडतो त्याला क्युरी तापमान म्हणतात. निकेलचं ३५५ अंशांच्या आसपास आणि गॅडोलिनियमचं सुमारे २० अंश. म्हणजे नरिमन पॉइंटच्या एखाद्या गारठलेल्या एसी ऑफिसात गॅडोलिनियमचा तुकडा लोखंडाच्या पंगतीत बसेल, आणि मे महिन्यात खाली फुटपाथवर आणला की पंगतीतून उठेल.

मग घरातला साधा खिळा आपणहून दुसऱ्या खिळ्याला का ओढत नाही? कारण त्यात एकच मोठं पथक नसतं, हजारो छोटी पथकं असतात, प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे. १९०७ मध्ये पिएर वाइस यांनी ही कल्पना मांडली. या पथकांना डोमेन म्हणतात. बाहेरून चुंबक जवळ आला की त्याच्या दिशेची पथकं शेजारची पोरं आपल्यात ओढून मोठी होतात आणि खिळा तात्पुरता चुंबक बनतो. चुंबक काढून घेतला की?

इथे सगळी गंमत आहे. काही पदार्थ लगेच जुन्या विस्कळीत अवस्थेत जातात. काही अडून बसतात. चुंबक म्हटलं की लोक विचारतात, "जोर किती?" या क्षेत्रातली माणसं आधी दुसरं विचारतात: हा विसरतो किती लवकर? जो सहज विसरतो त्याला पाठ्यपुस्तकात मृदू चुंबकी पदार्थ म्हणतात, जो विसरत नाही तो कठीण. मला आपलं विसराळू आणि हट्टी बरं वाटतं. दिशा पुसायला बाहेरून किती जोर लावावा लागतो हे मोजलं तर ट्रान्सफॉर्मरचा पत्रा आणि आजचा उत्तम चुंबक यांच्यात लाखाच्या घरातल्या पटीचा फरक निघतो. दोघांतही मुख्य धातू लोखंडच.

विसराळूंपासून सुरुवात करतो, कारण त्यांची कोणी दखल घेत नाही. बेस्टच्या एखाद्या सबस्टेशनवरून रात्री चालत जा. आतून घूंऽऽ असा सलग आवाज येतो. आपल्या विजेची दिशा सेकंदाला ५० फेरे घेते, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातल्या सगळ्या पथकांना सेकंदाला १०० वेळा तोंड फिरवावं लागतं. लोखंड चुंबकित होताना लांबीत किंचित बदलतं, मीटरभर पत्र्यामागे मिलिमीटरचा हजारावा भाग किंवा असाच काही. दर फेऱ्यात दोनदा पत्रा ताणतो आणि सुटतो, आणि आपल्याला १०० हर्ट्‌झचा सूर ऐकू येतो. काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याच्या पंचमाच्या तारेच्या हा सूर अगदी जवळ आहे, जरासा उतरलेला. एकदा कानाला कळलं की गल्लीगल्लीत हाच पंचम सापडतो.

तोंड फिरवताना लोखंड थोडं जरी अडलं तरी त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते, सेकंदाला शंभरदा, रात्रंदिवस, इमारतीतले सगळे दिवे बंद असले तरी. त्यात पुन्हा लोखंड वीजवाहक. बदलत्या चुंबकी क्षेत्रामुळे खुद्द गाभ्यात विजेचे भोवरे तयार होतात, तीही गळतीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उपाय सापडला तो लोखंडात सुमारे ३ टक्के सिलिकॉन मिसळण्याचा, म्हणजे भोवऱ्यांची वाट अवघड होते. १९३४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन गॉस यांनी पत्रा असा लाटायची युक्ती शोधली की आतले स्फटिक एकाच दिशेला आडवे पडतात. त्या दिशेने लोखंड फार चटकन वळतं. आजही गाभा पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या, एकमेकांपासून इन्सुलेशनने वेगळ्या केलेल्या पत्र्यांच्या चळतीचाच असतो.

त्यापुढची पायरी म्हणजे स्फटिकच नको. वितळलेलं लोखंड-सिलिकॉन-बोरॉनचं मिश्रण वेगाने फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर सोडतात. ते सेकंदाला दहा लाख अंश या वेगाने गार होतं, इतकं झटकन की अणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही. काचेसारखी विस्कटलेली रचना असलेली, मिलिमीटरचा चाळिसावा भाग जाडीची फीत निघते. रांगाच नाहीत म्हटल्यावर पथकांना अडखळायलाही काही नाही. रिकाम्या ट्रान्सफॉर्मरची गळती या फितीने साधारण एक-तृतीयांशावर येते.

मोबाइलच्या चार्जरची गोष्ट याच घराण्यातली. टेपरेकॉर्डरचा जुना एलिमिनेटर ज्यांनी वापरलाय त्यांना आठवेल, विटेसारखा जड आणि तापणारा. आजचा चार्जर काडेपेटीएवढा असून त्याच्या कितीतरी पट काम करतो. कारण तो विजेला सेकंदाला ५० ऐवजी लाखाच्या आसपास फेरे घ्यायला लावतो, आणि जितकी जलद अदलाबदल तितका गाभा लहान पुरतो. पण एवढ्या वेगाला लोखंडी पत्रा भोवऱ्यांनी भाजून निघेल. तिथे लागतं फेराइट, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचं, चिनी मातीसारखं भाजून केलेलं काळं सिरॅमिक. चुंबकी, तरीही वीज जवळजवळ न वाहणारं. टोकियोत योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई यांनी १९३० मध्ये ते शोधलं आणि १९३५ मध्ये फक्त ते विकण्यासाठी एक कंपनी निघाली. तिचं नाव टीडीके. होय, लॅमिंग्टन रोडवरून आपण ज्यांच्या कोऱ्या कॅसेट आणायचो तेच. लॅपटॉपच्या वायरवर सापाने बेडूक गिळल्यासारखी जी गाठ दिसते तिच्यात फेराइटचंच नळकांडं असतं. वायरीतली नको ती खरखर ते गिळून टाकतं.

आईची नाडीवाली चकतीही फेराइटच, फक्त लोखंडाबरोबर बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम असलेलं. त्याने स्वभाव पार उलटा होतो, विसराळूचा हट्टी. पन्नाशीला आली ती चकती, अजून फ्रिजच्या दारावर आमचं गॅसचं कार्ड धरून आहे.

हट्टाचं मूळ स्फटिकाच्या आकारात असतं. साध्या लोखंडाच्या स्फटिकात तिन्ही दिशा सारख्या, त्यामुळे बाणाला कुठेही वळायला फारसं जड जात नाही. स्फटिक एका अंगाने लांबट असेल तर बाण त्या अक्षाला धरून बसतो. शाळेत नालेच्या आकाराचा लोहचुंबक होता ना, आणि त्याच्या टोकांवर ठेवायची लोखंडी पट्टी? ती पट्टी ठेवायला विसरलं की सर रागवायचे. जुने पोलादी चुंबक स्वतःच्याच क्षेत्राने स्वतःला पुसून टाकत, म्हणून तो आकार आणि ती पट्टी. आजचा चुंबक नाण्यासारखा चपटा असतो आणि त्याला कसलीच पट्टी लागत नाही.

हे घडवलं निओडिमियम या दुर्मिळ मृदा धातूने. १९८३ मध्ये जपानचे मासातो सागावा आणि अमेरिकेचे जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे एकच पदार्थ जाहीर केला: निओडिमियमचे २ अणू, लोखंडाचे १४, बोरॉनचा १. यात जोर लोखंडाचा आणि हट्ट निओडिमियमचा. बोरॉन चिमूटभरच, पण तो नसला तर ही लांबट चौकट जमतच नाही. त्याच आकारमानात फेराइटच्या दहापट ऊर्जा साठवणारा हा चुंबक आला म्हणून इअरफोन शेंगदाण्याएवढे झाले, हार्ड डिस्क खिशात मावली आणि इलेक्ट्रिक स्कूटरची मोटर चाकाच्या आत बसली. लोकल ओढणाऱ्या इंडक्शन मोटरीत असे स्थायी चुंबक नसतात, तिथे वीज खर्चून चुंबकत्व आणतात. तुमच्या घरातला जुना पंखाही तसाच, म्हणून तो ७५ वॉट खातो आणि चुंबकवाला बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास भागवतो. पंख्यात मात्र बहुधा स्वस्त फेराइटच असतं. जागा भरपूर असली की निओडिमियमचे लाड करायची गरज नसते.

निओडिमियम चुंबकाचं दुखणं म्हणजे उष्णता. मोटर दीडशे अंशांपर्यंत तापली की हट्ट ढिला पडतो. त्यावर औषध डिस्प्रोसियम, जे निओडिमियमहूनही दुर्मिळ आणि महाग. इथे संशोधकांनी छान काटकसर शोधली. चुंबक कोट्यवधी सूक्ष्म कणांचा बनलेला असतो आणि दिशा उलटायची सुरुवात बहुतेक वेळा कणाच्या कडेपासून होते. मग डिस्प्रोसियम सगळीकडे कशाला? चुंबकाच्या पृष्ठभागावर लावायचं, तापवायचं आणि कणांच्या फटींतून आत झिरपू द्यायचं. कडा पक्क्या होतात, गाभा तसाच राहतो. भाजीवर वरून फोडणी घालावी तसं थोडक्यात काम होतं.

२०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने डिस्प्रोसियम, टर्बियम, समेरियम अशा ७ दुर्मिळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं, तेव्हा आपल्याकडच्या गाड्यांच्या कारखान्यांत धावपळ उडाली. जगातले बहुतेक असे चुंबक चीनमध्ये बनतात. बातम्या वाचून वाटायचं की आपल्याकडे खनिजच नाही. तसं नाही. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यांवर मोनाझाइटची वाळू आहे. त्यातून निओडिमियमसारखे धातू वेगळे करणारी सरकारी कंपनी आयआरईएल १९५० पासून आहे आणि तिचं मुख्य कार्यालय आपल्या प्रभादेवीत, सिद्धिविनायकाच्या जवळच आहे. मोनाझाइटमध्ये थोरियमही असतं, म्हणून हे खातं अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत येतं.

गाडी अडते ती वाळूच्या पुढे. वाळूपासून ऑक्साइड, ऑक्साइडपासून धातू, धातूपासून मिश्रधातू. मग त्याची काही मायक्रॉनची भुकटी, जी उघड्या हवेत पेट घेऊ शकते. ती भुकटी चुंबकी क्षेत्रात ठेवून सगळ्या कणांची तोंडं एका दिशेला करायची, दाबायची, हवा नसलेल्या भट्टीत हजार अंशांच्या वर भाजायची आणि गंजू नये म्हणून वर निकेलचा मुलामा. यातल्या प्रत्येक पायरीला स्वतःचा हातगुण लागतो. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रावर उभा राहिलेला समेरियम-कोबाल्ट चुंबकांचा कारखाना विशाखापट्टणमला २०२३ मध्ये देशाला अर्पण झाला, पण त्याची क्षमता वर्षाला ३,००० किलो. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, उद्दिष्ट वर्षाला ६,००० टन. किलो आणि टन यांतलं अंतर कापायला पैशांपेक्षा भट्टीजवळ उभी राहिलेली माणसं जास्त लागतील, असं मला वाटतं.

विसराळू झाले, हट्टी झाले. तिसरी जात आहे ती सांगितल्यावर विसरणारी आणि एरवी लक्षात ठेवणारी, म्हणजे आठवणी साठवायच्या कामाची. तिचा सगळ्यात जुना नमुना मुंबईत पायाखाली आहे. दख्खनचा काळा दगड, बसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास तो लाव्हा म्हणून बाहेर पडला. त्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांचा ताल ५८० अंशांच्या वर जमत नाही. लाव्हा गार होता होता त्याखाली आला तेव्हा कणांनी त्या क्षणीची पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्राची दिशा धरली ती आजतागायत. विषुववृत्तावर होकायंत्राची सुई आडवी राहते, ध्रुवाकडे जावं तशी खाली झुकते. म्हणून दगडातल्या बाणाचा झुकाव मोजला की तो कुठल्या अक्षांशावर गोठला ते कळतं. १९५० च्या दशकात या दगडांची अशी मोजमापं झाली, त्यात कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची म्हणजे टीआयएफआरची माणसंही होती. निष्कर्ष असा की हा दगड गोठला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या बरीच दक्षिणेला होती. खंड सरकतात हे जगाने सर्वस्वी मान्य करायच्या आधीची ही गोष्ट.

आणि हीच युक्ती आता नव्या हार्ड डिस्कमध्ये आली आहे. १९५६ च्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये दोन-दोन फुटी ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून जेमतेम ५ मेगाबाइट, म्हणजे आजचे दोन-तीन फोटो. तिथपासून बिट लहान करत करत माणसं मिलिमीटरच्या सव्वा लाखाव्या भागाएवढ्या कणांपर्यंत पोचली आणि भिंतीला धडकली. कण इतका लहान की खोलीच्या उष्णतेनेच त्याचा बाण आपोआप उलटू शकतो. मग लोह-प्लॅटिनमसारखा जास्त हट्टी पदार्थ घ्यावा, तर तो लिहिणाऱ्या चुंबकालाही दाद देत नाही. उपाय: लेझरने तेवढाच ठिपका चारशे अंशांच्या वर तापवायचा, हट्ट मोडला की दिशा लिहायची आणि गार होऊ द्यायचं. सगळं सेकंदाच्या साधारण अब्जाव्या भागात. लाव्ह्याने जे आरामात केलं तेच घाईत. अशा ३० टेराबाइटच्या डिस्क २०२४ पासून येऊ लागल्या. ऐरोली-रबाळेच्या डेटा सेंटरांसारख्या जागी आपल्या फोटोंचा मोठा हिस्सा अजून चुंबकांवरच असतो, 'क्लाउड' हे नाव कितीही हवेतलं असलं तरी.

लिहिलेलं वाचायची किल्ली १९८८ मध्ये फ्रान्सचे आल्बेर फेर आणि जर्मनीचे पेटर ग्रूनबर्ग यांना सापडली. काही अणूंएवढे पातळ चुंबकी थर, मधे बिनचुंबकी थर. इलेक्ट्रॉनचा बाण थराच्या दिशेशी जुळला तर तो सहज जातो, नाही जुळला तर धडपडतो. दोन्ही थर एका दिशेला असले की निदान अर्ध्या इलेक्ट्रॉनांना मोकळी वाट मिळते. थर उलटसुलट असले की प्रत्येक इलेक्ट्रॉन कुठल्या ना कुठल्या थरात अडतोच. त्यामुळे चुंबकी क्षेत्र जरासं बदललं तरी विजेचा रोध खूप बदलतो. २००७ चं नोबेल त्यांना यासाठी मिळालं.

यात एक गमतीचा धागा आहे. काही पदार्थांत शेजारचे बाण एकमेकांच्या विरुद्ध बसतात. आत कडक शिस्त, बाहेर चुंबकत्व शून्य. क्ष-किरणांना अणू दिसतात, पण त्यांचे बाण सहजी दिसत नाहीत. बाण बघायला न्यूट्रॉन लागतो, कारण त्याला विद्युतभार नसतो पण स्वतःचा बाण असतो. १९४९ मध्ये क्लिफर्ड शल यांनी मँगनीज ऑक्साइडवर न्यूट्रॉन सोडून ही उलटसुलट मांडणी दाखवली. आपल्याकडे हे काम ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीतून येणाऱ्या न्यूट्रॉनांवर चालत आलंय. या पदार्थांचा सिद्धांत मांडणारे लुई नेल १९७० च्या नोबेल व्याख्यानात म्हणाले होते की विषय सैद्धांतिक दृष्ट्या रंजक आहे, पण याचा काही उपयोग दिसत नाही. पुढे फेर-ग्रूनबर्ग यांच्या तत्त्वावर डिस्क वाचणारं टोक बनलं, तेव्हा त्यातला एक थर हलू नये म्हणून त्याला खिळवून ठेवायला हेच 'निरुपयोगी' पदार्थ कामी आले. २०२२ मध्ये त्यांना एक चुलतभाऊही मिळाला, अल्टरमॅग्नेट. शेजारचे बाण उलटेच, बाहेर शून्यच, पण दोन शेजाऱ्यांभोवतीची अणूंची चौकट एकमेकीच्या तुलनेत फिरलेली. त्यामुळे वर बाण आणि खाली बाण असलेल्या इलेक्ट्रॉनांचे रस्ते वेगळे होतात, जे एरवी फक्त खऱ्या चुंबकात होतं. २०२४ मध्ये मँगनीज टेल्युराइडमध्ये हे रस्ते प्रत्यक्ष मोजले गेले. शेजारच्या बिटला त्रास न देणारी, जलद मेमरी त्यातून होईल अशी आशा आहे. बाजारात अजून काही नाही.

गेल्या दिवाळीत घरी इंडक्शनची शेगडी आणली. आईने हौसेने बोहारणीकडचं जुनं पातेलं वर ठेवलं. शेगडी नुसती टुंग-टुंग करत बसली. मी तिला समजावलं की ही शेगडी भांड्याच्या बुडातच विजेचे भोवरे उठवते आणि पथकांना भराभर तोंड फिरवायला लावून तापवते. ट्रान्सफॉर्मरवाली माणसं ज्या गळतीच्या मागे शंभर वर्षं हात धुऊन लागली, तिच्यावरच आपला चहा होणार. त्यासाठी बुडाला चुंबक चिकटायला हवा.

आईने फ्रिजवरून नाडीवाली चकती काढली, घरातली सगळी पातेली ओट्यावर मांडली आणि एकेकाच्या बुडाला लावून बघितली. एकही चिकटलं नाही. चाळीस वर्षांची पारख होती ती.

"म्हणजे तेव्हा त्या बाईला परत केली," ती म्हणाली, "तीच हवी होती."

दुसऱ्या दिवशी आम्ही तांबाकाट्याच्या भांडीबाजारात गेलो. चकती तिच्या पर्समध्ये होती.